व्हय महाराजा

बंगळुरूत शिकलेल्या बहुतेक मुलांना कनकदासांची केळ्याची गोष्ट येते. व्यासरायांच्या मठात कनक शिकायला होता. जन्मानं कुरुब, म्हणजे आपल्याकडचा धनगर. बाकीचे शिष्य त्याला हिणवायचे. हा कसला शिकणार, गुरूंनी याला कशाला जवळ केलं, अशी कुजबुज चालायची. एके दिवशी व्यासरायांनी प्रत्येकाच्या हातावर एकेक केळं ठेवलं आणि सांगितलं, कुणी बघत नसेल अशा जागी जाऊन खा. सगळे रिकाम्या हातानं परत आले. कनक केळं तसंच घेऊन आला. देव बघत नाही अशी जागाच सापडली नाही, म्हणाला.

ही गोष्ट सांगतात ती कनकाच्या भक्तीसाठी. मला तिच्यात व्यासराय जास्त दिसतात. आपल्याच मठात एका पोराचा छळ चाललाय हे त्यांनी हेरलं. त्याला बाजूला घेऊन 'तू लक्ष देऊ नकोस' असं सांगून त्यांनी वाटेला लावलं नाही. जे हसत होते त्यांच्याच समोर, त्या पोराची योग्यता सगळ्यांना दिसेल असा प्रसंग घडवून आणला. हे काम गुरूचं होतं आणि ते गुरूनं केलं.

नोकरीसाठी या शहरात आलेल्या मराठी घरांतली मुलं तीन-चार भाषांच्या मधोमध सापडतात. वर्गात कन्नड येत नाही म्हणून हसतात, इंग्रजी अडखळलं म्हणून हसतात, डबा उघडला की त्यावर हसतात. दोन दिवसांचं चिडवणं मुलं विसरतात. पण तेच टोळकं, तेच नाव, तीच बस, असं महिनोन् महिने चाललं की मूल सकाळी पोटात दुखतंय म्हणून सांगू लागतं. मोठ्यांचं निराळं नसतं. रोजच्या स्टँडअप कॉलवर एकाच माणसाला घेरायचं, सगळ्या टीमला सीसीत ठेवून चूक काढायची, मीटिंगचं निमंत्रणच पाठवायचं नाही, अप्रेझलच्या तोंडावर पीआयपीचा, म्हणजे 'सुधारा नाहीतर जा' असा, कागद पुढे करायचा. आउटर रिंग रोडवरच्या काचेच्या इमारतींत हे शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहेत: 'मला टार्गेट करतायत.'

आणि घरून फोन येतो. सोलापूरहून, साताऱ्याहून, बेळगावहून. आई म्हणते, 'सोड गं, देव बघतोय. त्याचं तो बघून घेईल. तू नामस्मरण कर.' त्या आईची माया खरी असते. पण 'देव बघतोय' हे वाक्य आपण लेकरांना गप्प बसवायला वापरतो, याचा मला मनापासून राग येतो.

आपल्या घरांत तुकोबा आणि मंबाजीची गोष्ट सांगतात. तुकोबांची म्हैस मंबाजीच्या बागेत शिरली, त्यानं काटेरी फांद्यांनी तुकोबांना झोडपलं, आणि रात्री कीर्तनाला तो आला नाही म्हणून तुकोबा त्याच्या घरी जाऊन त्याचेच पाय चेपत बसले, असं संतचरित्रकार महिपतींनी लिहिलंय. तुकोबांच्या ठायी ते क्षमेचं शिखर असेल. शाळेत मार खाऊन आलेल्या दहा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सांगू नये. त्याला त्यातून एवढंच कळतं, की मारणाऱ्याची समजूतही मीच काढायची.

त्याला दुसरी गोष्ट सांगावी. रामेश्वर भटांच्या सांगण्यावरून अभंगांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, तेव्हा तुकोबा घरी जाऊन गप्प बसले नाहीत. नदीच्या काठी, साऱ्या देहूच्या डोळ्यांसमोर अन्नपाण्यावाचून तेरा दिवस बसून राहिले. विठ्ठलाला त्यांनी जाब विचारला. वह्या वर आल्या की नाही यावर ज्याची जशी श्रद्धा. ते तिथून उठले नाहीत, ही गोष्ट मला पुरते.

नामदेवांचंही तसंच. औंढ्या नागनाथाला पुजाऱ्यांनी त्यांचं कीर्तन देवळासमोरून हटवलं. ते मागच्या बाजूला गेले आणि तिथं पुन्हा उभे राहिले. देऊळच फिरलं असं लोक सांगतात, आणि नंदी देवळाच्या मागे कसा, हे आजही बोट करून दाखवतात. इकडे उडुपीला कनकदासांना आत घेतलं नाही, तेव्हा ते भिंतीपलीकडे गात राहिले, आणि कृष्णाची मूर्ती पश्चिमेला वळली अशी कथा आहे. तिथला झरोका 'कनकन किंडी' म्हणून ओळखला जातो. इतक्या अंतरावरच्या दोन प्रांतांनी एकच गोष्ट जपून ठेवली. हाकललेल्याचा आवाज दोन्हीकडे चालूच राहिला आणि देवानं पाठ फिरवली ती हाकलणाऱ्यांकडे.

श्रद्धेवर बोलताना दुसरी बाजू टाळता येत नाही. ज्यांचा छळ धर्माच्याच नावानं झाला त्यांनी काय करायचं? साताऱ्याच्या शाळेत लहानगा भीमराव, म्हणजे पुढचे बाबासाहेब आंबेडकर, वेगळा, घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचा. नळाला त्यानं हात लावायचा नाही. शिपायानं तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसेल तर तहानेलं राहायचं. पुढे परदेशातून शिकून १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत आले, तर कचेरीतले शिपाई फायली लांबून टेबलावर फेकायचे. याला नुसतं शाळेतलं चिडवणं किंवा कचेरीतला त्रास म्हणता येणार नाही, ती अस्पृश्यता होती. पण त्याच घरात वडील रामजी सुभेदार कबीरपंथी होते, मुलांकडून भजनं म्हणवून घ्यायचे. बाहेरचं जग ज्याला हीन म्हणत होतं, त्याला घरातला सूर काही वेगळं सांगत होता. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढलं तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता. मुक्यांच्या पत्राला भक्तीतले शब्द त्यांनी बोलण्यासाठी घेतले. आणि जो धर्म छळणाऱ्याच्या बाजूला उभा राहतो, तो सोडायचीही ताकद लागते, हे त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धर्मांतर करून दाखवलं.

आमच्या भजनात एक मुलगी यायची. चांगली शिकलेली, आयटीत चार वर्षं काढलेली. तिचा मॅनेजर तिच्या मेलमधली वाक्यं कॉलवर मोठ्यानं वाचायचा, तिच्याच उच्चारात. बाकीचे म्यूटवर. हसले की नाही हे तिला दिसायचं नाही, आणि ते न दिसणंच तिला जास्त खायचं. रात्री ती रामरक्षा म्हणून झोपायची, सकाळी लॅपटॉप उघडताना हात गार पडायचे.

तिला आमच्यातल्या एका काकांनी वाट दाखवली. मूळचे सावंतवाडीकडचे, इथल्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले, युनियनचं काम केलेले. त्यांनी तिला गावातलं गाऱ्हाणं समजावून सांगितलं. कोकणात रवळनाथापुढे, वेतोबापुढे मनातल्या मनात पुटपुटत नाहीत. एक जण उभा राहतो, देवाला हाक मारतो आणि कुणाला काय त्रास आहे ते सगळ्यांच्या देखत खणखणीत आवाजात सांगतो. प्रत्येक मागणीनंतर जमलेले लोक एका सुरात म्हणतात, 'व्हय महाराजा!' काका तिला म्हणाले, 'पोरी, तू देवाला रोज सांगतेस, ते बरं करतेस. पण 'व्हय' म्हणणारी माणसं कुठायत तुझ्याकडे?'

मला वाटतं, या विषयातलं मर्म इथं आहे. छळणारा आधी माणसाला एकटं पाडतो. बाकीच्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं की हळूहळू त्या माणसालाच वाटू लागतं, माझंच काही चुकत असेल. श्रद्धेनं त्याला दोन गोष्टी द्याव्यात. माझी किंमत ठरवायचा अधिकार या मॅनेजरचा नाही, हा आतला आधार ही एक. आणि साक्षीला चार माणसं, ही दुसरी. पहिली एकट्यानं मिळवता येते. दुसरी मंडळानं, देवळानं, मशिदीनं, चर्चनं, विहारानं द्यायची असते, आणि तिथंच आपण कमी पडतो.

काकांनी तिला वही लिहायला लावली. तारीख, वेळ, काय शब्द वापरले, कॉलवर कोण कोण होतं. लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, पण बॉसच्या रोजच्या अपमानाविरुद्ध वेगळा असा कायदा आपल्याकडे नाही. म्हणून लेखी नोंद आणि साक्षीदार यांना जास्त मोल. कर्नाटक सरकारनं २०१४ साली आयटी कंपन्यांना स्थायी आदेशांच्या कायद्यातून सूट दिली, तेव्हा मालक आणि कर्मचारी यांचे सारखे प्रतिनिधी असलेली तक्रार समिती नेमायची अट घातली होती. कॅबमधून येणाऱ्या-जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? तिला नव्हतं. तिनं अर्ज दिला. टीममधल्या दोघांनी तिच्या बाजूनं लिहून दिलं. मॅनेजर अजून त्याच जागी आहे, पण ती दुसऱ्या टीममध्ये आहे आणि झोपते.

जप, नमाज, प्रार्थना, विपश्यना यांनी श्वास थाऱ्यावर येतो, हे मी मानतेच. पण झोप उडाली, जेवण जाईना, जीव नकोसा वाटू लागला, तर ते दुखणं आहे आणि त्याला डॉक्टर लागतो. देवाचं नाव घेणारा माणूस ताप आल्यावर औषध घेतोच ना? आपल्या शहरातली निम्हान्स ही संस्था ज्या 'टेलिमानस' सेवेची सूत्रं सांभाळते, ती ऑक्टोबर २०२२ पासून देशभर चालू आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. शाळेनं मुलाला मानसिक त्रास देणं २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं बंद केलंय. मुलं एकमेकांना छळत असतील तर शाळेनं समिती नेमून लक्ष घालावं, असं सीबीएसईनं २०१५ मध्ये कळवलंय. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज घेऊन जाताना हे कागद सोबत ठेवा. तोंडी विनवणी करून परतू नका.

आषाढी जवळ आली की इथल्या मराठी मंडळांत मुलांची दिंडी निघते, कपाळी बुक्का, हातात टाळ. त्या तयारीसाठी मुलं चार-पाच रविवार एकत्र येतात. माझी मंडळांना एक विनंती आहे. त्यातला एखादा तास अभंग पाठ करून घेण्यात घालवू नका. मुलांना गोल बसवा, नामदेवांची गोष्ट सांगा, कनकाची सांगा, आणि मग विचारा, तुमच्या शाळेत कुणाला मागे हटवतात? पहिल्या रविवारी कुणी बोलणार नाही. एखादं मूल दुसऱ्याचं नाव पुढे करून आपलंच सांगेल. तेव्हा मध्ये उपदेश करू नका, 'आमच्या वेळी' सुरू करू नका. पुरतं ऐकून घ्या, आणि सोमवारी त्याच्या आईवडिलांबरोबर मंडळातल्या दोघांनी शाळेत जा.