आधी कल्पना मागा, मग देणगी

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, अहिल्यानगर
सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालय, अहिल्यानगर
तसेच जिल्ह्यातील मोठ्या सेवाभावी संस्थांचे विश्वस्त

विषय : ऑनलाइन निधिसंकलनासाठी लोकांकडून कल्पना मागवणे, त्या पारखणे आणि सुरक्षितपणे राबवणे यासाठी जिल्हास्तरावर व्यवस्था उभी करण्याबाबत.

महोदय,

आम्ही या जिल्ह्यातल्या लहान सेवाभावी संस्थांचे कार्यकर्ते. आमच्यात कुणी निराधारांचा आश्रम चालवतं, कुणी ऊसतोड कामगारांच्या मुलांचं वसतिगृह, कुणी गावचं वाचनालय. बहुतेकांकडे पूर्णवेळ हिशेबनीस नाही, मग निधी गोळा करायला वेगळा माणूस कुठला? त्यामुळे वर्षानुवर्षं एकच रीत चालू आहे. गेल्या वर्षीचं आवाहन काढायचं, तारीख बदलायची, खाली क्यूआर कोड चिकटवायचा आणि सापडतील त्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सोडून द्यायचं. वाचणारा अंगठा वर सरकवतो आणि पुढे जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्या मजकुरात त्याच्यासाठी काही नसतंच.

आजवर देणगीदाराला ओढून आणायला एक हुकमी वाक्य होतं : ‘देणगी ८०जी खाली करसवलतीस पात्र’. त्या वाक्याची धार आता बोथट झाली आहे. नव्या करप्रणालीत पगारदार माणसाला ही वजावट मिळत नाही, आणि २०२३-२४ पासून वेगळं काही कळवलं नाही तर तीच प्रणाली लागू धरतात. आता माणूस देईल तो त्याला वाटलं म्हणून. ते वाटायला लावणारी कल्पना आमच्या कार्यालयात बसून सुचत नाही, असा आमचा अनुभव आहे. ती लोकांकडे असते. या पत्रातल्या सगळ्या मागण्या एवढ्या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

महाराष्ट्राला हे नवं नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागण्याची कल्पना काढली, तिच्यातून पैसा फंड उभा राहिला आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने (स्थापना १९१९) दळणातून मूठभर धान्य बाजूला काढायला सांगितलं. ज्या बाईच्या हातात रोख रुपया कधी येत नव्हता, ती या मुष्टिफंडामुळे देणगीदार झाली. रयतच्या शाळा आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत, त्यामुळे याचा वेगळा पुरावा द्यायला नको. या दोन्ही कल्पनांचं मर्म एकच : देणाऱ्याच्या रोजच्या व्यवहारात जे आहे तेच मागितलं.

अलीकडची उदाहरणंही पाहावीत. पुण्यात २००५ पासून पितृपंधरवड्यात ‘देणे समाजाचे’ हे संस्थांचं प्रदर्शन भरतं. ज्या पंधरा दिवसांत खरेदी टाळतात, त्याच दिवसांत पितरांच्या नावाने दान घडावं, ही त्यामागची कल्पना. ‘लोकसत्ता’ २०११ पासून गणेशोत्सवात संस्थांची ओळख छापतो आणि वाचक धनादेश पाठवतात. आपल्याच शहरात १९८९ मध्ये गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेल्या ‘स्नेहालय’चं नाव ६ मे २०१२ रोजी ‘सत्यमेव जयते’च्या पहिल्याच भागातून देशभर पोहोचलं आणि प्रेक्षकांनी मोबाइलवरून छोट्या छोट्या रकमा दिल्या. मात्र असा कार्यक्रम एखाद्याच संस्थेच्या वाट्याला येतो. बाकीच्यांनी काय टीव्हीवाल्यांची वाट पाहत बसायचं?

२०१४ मध्ये अमेरिकेत डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेण्याची लाट आली आणि एएलएस या आजाराच्या संस्थेकडे ११ कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. ती युक्ती संस्थेच्या कार्यालयातून निघालेली नव्हती, रुग्णांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या गोतावळ्यात ती पसरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हैदराबादच्या पत्रकार मंजुलता कलानिधी यांनी ती आपल्याकडच्या मातीत रुजवली : पाणी वाया घालवू नका, बादलीभर तांदूळ गरजूला द्या आणि फोटो टाका. पाथर्डी-कर्जतच्या माणसाला टँकरमागे धावताना बर्फाची बादली कशी पटणार? तांदळाची लगेच पटते. म्हणून बाहेरच्या कल्पना जशाच्या तशा उचलून इथे चालत नाहीत, आणि नेमकं काय चालेल हे इथल्याच माणसाला विचारावं लागतं.

विचारलं तर काय हाती लागतं, याचा एक नमुना देतो. आमच्यातला एक खजिनदार संध्याकाळी दुकान बंद करून यूपीआयच्या नोंदी वहीत उतरवतो. ५१ रुपये, १०१ रुपये, आणि रकमेखाली देणाऱ्याने स्वतःहून लिहिलेली ओळ : ‘आईचं वर्षश्राद्ध’, ‘पोरगी दहावी पास’, ‘गाय व्याली’. आम्ही मागितलेल्या ‘सढळ हाताच्या मदती’ला यातल्या एकानेही उत्तर दिलेलं नाही. प्रत्येकाने आपलं निमित्त आपणच शोधलं. गाय व्याल्याच्या आनंदात पैसे पाठवता येतील, असं आमच्या कुठल्याही बैठकीत कुणाला सुचलं नसतं. दूध संकलन केंद्रावर दर दहा दिवसांनी बिल होणाऱ्या या जिल्ह्यात ही एक ओळ म्हणजे अख्खी मोहीम आहे.

यावरून आमच्या मागण्या.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची : २ ते ८ ऑक्टोबर या दान उत्सवाच्या आठवड्यात जिल्हा प्रशासनाने संस्थांच्या सोबतीने कल्पनांसाठी जाहीर आवाहन करावं. प्रश्न साधा असावा : ‘कोणत्या निमित्ताने, कशा पद्धतीने मागितलं तर तुम्ही मोबाइलवरून पैसे द्याल?’ उत्तर ऑनलाइन अर्जातच द्यावं अशी अट नको. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या आणि चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या काही वाड्यांवर रेंजसाठी टेकाड चढावं लागतं. तिथे ग्रामसभेत, शाळेत, बचत गटाच्या बैठकीत तोंडी उत्तरं घ्यावीत. ‘रेडिओ नगर’सारख्या सामुदायिक रेडिओने आवाजी निरोप स्वीकारावेत. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या कमी शिकलेल्या बायांना आरोग्यसेविका केलं आणि जगभरची माणसं ते बघायला आली. ज्या जिल्ह्याने हे पाहिलं, त्याने कल्पना फक्त पदवीधरांना सुचतात असं मानू नये. निवड समितीत किमान एक लाभार्थी आणि एक साधा देणगीदार हवा. सगळेच अध्यक्ष-सचिव बसले तर निवड होईल ती अध्यक्ष-सचिवांना आवडलेल्या कल्पनांची.

निवडलेली कल्पना आधी एका तालुक्यात, महिनाभर, छोट्या प्रमाणावर करून पाहावी. त्यासाठी जिल्ह्यातले साखर कारखाने, पतसंस्था आणि मोठ्या संस्था यांनी मिळून थोडका प्रयोगनिधी ठेवावा. पोस्टर, एखादी चित्रफीत, मोबाइलचा खर्च एवढाच त्याचा उपयोग. कल्पना फसली तर तीही सर्वांना कळवावी, म्हणजे शेजारच्या तालुक्यात तीच पुन्हा फसणार नाही.

कल्पना देणाऱ्याचं नाव, त्याची हरकत नसेल तर, मोहिमेवर छापावं. आम्ही लहान संस्था कल्पना उघड करायला बिचकतो, कारण मोठ्यांनी ती उचलली की आमचं नाव राहत नाही. ही भीती फार सभ्यपणे दडवली जाते, पण आहे. उपाय सोपा : कल्पना सर्वांची, श्रेय सुचवणाऱ्याचं.

आता कायद्याचा भाग. नोंदणी नसलेल्या गटाला धर्मादाय हेतूने पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली परवानगी लागते. गणेश मंडळांना ही वाट पाठ आहे, ते दरवर्षी ऑनलाइन अर्ज करतात. निवडलेल्या कल्पना राबवणाऱ्या तरुण गटांनाही तशीच ठरावीक दिवसांत परवानगी मिळावी, आणि हिशेब दिला नाही तर कारवाईही व्हावी. दुसरी अडचण वर सांगितलेल्या खजिनदाराची. यूपीआयवर नाव अर्धवट येतं, पॅन येतच नाही. ८०जीच्या देणग्यांचं विवरण २०२१-२२ पासून दरवर्षी ३१ मेपर्यंत भरावं लागतं आणि उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क आहे. ज्यांच्या नावपत्त्याची नोंद नाही त्या देणग्या निनावी ठरतात आणि १ लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यातली जी रक्कम मोठी तिच्यावर गेल्या की वरच्या रकमेवर ३० टक्के कर बसतो. कल्पना गाजली आणि ५१-५१ रुपयांचा पाऊस पडला तर लहान संस्थेची अशी पंचाईत! न्यास नोंदणी कार्यालयाने सनदी लेखापालांच्या मदतीने तालुकानिहाय शिबिरं घ्यावीत आणि देणाऱ्याचा तपशील घेणारा साधा मराठी नमुना तयार करून द्यावा.

परदेशातल्या आप्तांबाबतही असाच गोंधळ आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली रक्कम विदेशी देणगी धरत नाहीत. त्याच्याच घरातल्या, अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या भावाची मात्र धरतात. ती घ्यायला एफसीआरए नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. संगमनेरहून कॅलिफोर्नियाला गेलेल्या कुटुंबाला हा फरक कुणी सांगत नाही. हे सांगणारं एक पानी मराठी पत्रक जिल्हा संकेतस्थळावर ठेवायला खर्च शून्य आहे.

सुरक्षिततेचा मुद्दा आम्ही फार गंभीरपणे मांडतो. शनिशिंगणापूर देवस्थानाच्या नावाने निघालेल्या बनावट अ‍ॅपचा विषय २०२५ मध्ये विधानसभेत गाजला. त्यानंतर लोक आमच्याही क्यूआर कोडकडे संशयाने पाहू लागले, आणि ते बरोबरच आहे. फ्लेक्सवरच्या कोडवर दुसरा कोड चिकटवायला मिनिट लागत नाही. नोंदणीकृत संस्थांची, त्यांच्या खऱ्या यूपीआय पत्त्यांसह, यादी प्रशासनाने जाहीर करावी आणि दर तिमाहीला तपासावी. काही ऑनलाइन मंच देणगीच्या रकमेवर स्वतःसाठीची ‘टिप’ आधीच भरून ठेवतात. देणाऱ्याला ती मराठीत आणि ठळक दिसावी, शून्य करण्याची सोय समोर असावी, हा आग्रह प्रशासनाने त्या मंचांकडे धरावा.

कल्पना कितीही चटकदार असली तरी मुलाचा रडका चेहरा विकणारी असेल तर ती पहिल्याच चाळणीत बाद व्हावी. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ संरक्षणातल्या बालकाची ओळख उघड करू देत नाही, आणि २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीसह जगणाऱ्याची माहिती गोपनीय आहे. तरीही अशी छायाचित्रं फिरतात, कारण त्यांना पैसे मिळतात. आमच्यातल्या काही संस्थांनीही ती वापरली आहेत. ती यापुढे वापरली जाणार नाहीत, असं आम्ही या पत्राद्वारे लिहून देतो.

शेवटी एक विनंती, जी मागणीपेक्षा कमी नाही. या उपक्रमाचं उद्दिष्ट ठरवून तलाठी, शिक्षक, अंगणवाडीताईंना आकडे देऊ नयेत. २०२५ च्या गाळपाआधी उसाच्या टनामागे रक्कम घेऊन मुख्यमंत्री सहायता निधीला आणि पूरग्रस्तांना देण्याचं ठरलं, तेव्हा ती आपल्या बिलातून कापली जाणार म्हणून शेतकऱ्यांत किती नाराजी उमटली हे आपण पाहिलं आहे. पूरग्रस्तांबद्दल त्यांना कळवळा नव्हता असं मुळीच नाही. न विचारता ठरवलं, हे झोंबलं. म्हणून दूध बिलातून गायीच्या नावाने पाच रुपये द्यायचे की नाही, हे दूध उत्पादकानेच ठरवावं आणि नको वाटलं तर पुढच्या बिलाला थांबवता यावं.

या मागण्यांवर पितृपंधरवड्यापूर्वी बैठक बोलवावी. आवाहनाचा मजकूर, तपशिलाचा मराठी नमुना आणि परदेशी देणग्यांच्या पत्रकाचा कच्चा मसुदा आम्ही सोबत घेऊन येऊ. बैठकीला संस्थाचालकांबरोबर दोन दूध उत्पादक, एक आशाताई आणि वसतिगृहातला एक माजी विद्यार्थी यांनाही खुर्ची असावी.

आपले,
जिल्ह्यातील लहान सेवाभावी संस्थांचे कार्यकर्ते