तांब्याला तांब्याचीच सोबत

मंडळी, आमचा नातू पहिल्या पगारातून संगणक जुळवतोय. प्रोसेसर म्हणे पाण्याने थंड ठेवायचा! त्यावर बसतो तो वॉटर ब्लॉक. आत बारीक खाचा असलेला धातूचा ठोकळा. खाचांतून फिरणारे पाणी उष्णता उचलते आणि रेडिएटरमध्ये सोडते.

ब्लॉक त्याने तांब्याचा निवडला, ते योग्यच. उष्णता वाहून नेण्यात तांबे ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून सरस. पण पैसे वाचवायला रेडिएटर मात्र ॲल्युमिनियमचा! मी मराठीचा मास्तर, तरी इथे बोललोच. १८०० साली व्होल्टाने दोन धातूंच्या चकत्यांमधून वीज काढली, तोच खेळ इथे सुरू होतो आणि ॲल्युमिनियम झिजत जाते. पाण्यात घालायचे औषध ही झीज लांबवते, टाळत नाही. उद्या गळती होऊन मदरबोर्ड भिजला, तर वाचवलेले पैसे पाण्यातच!

म्हणून माझे मत : ब्लॉक तांब्याचा किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याचा, आणि रेडिएटरही तांबे-पितळेचाच. तेवढी ऐपत नसेल तर साधा पंखा बरा.

नातू हसला, पण यादीतला रेडिएटर त्याने खोडला. असो. मास्तरकी अजून चालते म्हणायची!