अर्ज कीं आर्जव?

‘अर्ज’ आणि ‘आर्जव’ हे दोन शब्द उच्चारानें शेजारीशेजारी बसत असले तरी त्यांचें कुळ एक नाहीं. पहिला मूळचा अरबी. फारशीच्या द्वारें तो आमच्या दरबारी मराठींत आला, आणि आपलें म्हणणें सादर करणें एवढाच त्याचा अर्थ. दुसरा संस्कृत, ‘ऋजु’ ह्या शब्दापासून झालेला. त्याचा मूळ अर्थ सरळपणा, पण मराठींत त्याची विनवणी झाली. ह्या दोघांचा विवाह आमच्या सुशिक्षित घरांनीं लावून टाकला आहे, आणि आमचे तरुण नोकरीसाठीं जीं पत्रें लिहितात तीं त्या विवाहाचीं अपत्यें होत.

ह्या पत्रांची एक जुनी तऱ्हा आहे. ‘आपल्या कृपाछत्राखालीं एक जागा रिकामी असल्याचें विश्वसनीय रीतीनें समजल्यावरून’ येथें तिचा आरंभ आणि ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ येथें तिचा शेवट. इंग्रजी अमदानींत कचेरीच्या उंबरठ्यावर ही भाषा घडली. 1947 सालीं तें राज्य गेलें. पण साहेबापुढें वांकलेली पाठ आम्हीं पत्रांत तशीच ठेवली. दुसरी तऱ्हा नवी. तींत अर्जदार मेहनती असतो, जिद्दी असतो, चार माणसांत मिसळून काम करणारा असतो. असें पत्र आतां यंत्र क्षणांत तयार करून देतें, आणि वरचें नांव बदलून तेंच चाळीस कचेऱ्यांकडे रवाना होतें. जुनें पत्र लोटांगण घालतें, नवें छाती फुगवितें. पण लिहिणारा इसम कोण, हें दोहोंतूनही कळत नाहीं.

कोणी म्हणेल, रीतीप्रमाणें मायना नको काय? आमचें मायन्याशीं वैर नाहीं. पेशवाईंतील पत्रांतही ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असेच. पण त्या ‘विशेष’पुढें मजकूर असे. आमच्या अर्जांत ‘विशेष’ येण्यापूर्वींच सही येते.

उदाहरणच हवें असेल तर इटलींतील एका चित्रकाराचें घ्या. 1482 च्या सुमारास, वयाच्या तिशींत, लिओनार्दो दा विंची ह्यानें मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा ह्यास आपल्याला चाकरींत घेण्याविषयीं पत्र लिहिलें. त्याचा मसुदा मिलान येथील आंब्रोसियन ग्रंथालयांत आजही आहे. स्फोर्झास लढायांची चिंता, म्हणून पत्रांत आरंभीं हलके पूल, खंदकांतील पाणी काढण्याची युक्ति, तोफा, भुयारें, आच्छादित रथ असें एकेक कलम येतें. दहाव्या कलमांत शांततेच्या काळांतील इमारती व पाट. चित्रकलेचा उल्लेख त्याहूनही मागून! आणि शेवटीं, ह्यांपैकीं कांहीं अशक्य वाटत असेल तर आपण सांगाल तेथें प्रयोग करून दाखवितों, अशी तयारी. नम्रतेचे शब्द त्यांतही आहेत. पण मला काय हवें ह्यापेक्षां तुम्हांस काय लागतें, हें त्यानें आधीं पाहिलें. त्याचा एक दोष मात्र घेऊं नये. त्यांतील बऱ्याच गोष्टी त्यानें तोंवर करून दाखविल्या नव्हत्या. आणि लिओनार्दोस शोभलें तें सर्वांस शोभेलच असें नाहीं.

आक्षेप येतो तो असा, कीं अधिकारी पत्रें वाचीतच नाहींत. कित्येक वाचीत नाहींत हें खरें, आणि शेकडों अर्ज मागवून एकासही उत्तर न धाडणाऱ्यांचा उद्दामपणा निंद्यच आहे. पण चाळीस पत्रें एकाच सांच्यांतून निघालेलीं असतां त्यांतील एकेचाळिसावें तरी त्यानें कां वाचावें? दुसरा आक्षेप, नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलानें लिहावें तरी काय? त्यानें स्नेहसंमेलनाचा हिशेब सांभाळून पैचापै जुळविला असेल, शेजारच्या दोन मुलांस गणितांत तारून नेलें असेल, मामाच्या दुकानांतील उधारीची वही सुधारली असेल, तर तें लिहावें. ‘मी प्रामाणिक आहें’ ह्या वाक्यापेक्षां त्या जुळलेल्या हिशेबाची साक्ष अधिक मोलाची.

ह्यांत खरा अपराध आम्हां वडील मंडळींचा आहे. मुलगा दोन ओळी आपल्या मनानें लिहितो आणि आम्ही त्या खोडतों. ‘जरा नम्रपणें लिही’ म्हणून जुना कागद पुढें करतों. पोटाची विद्या शिकवितां शिकवितां आपण त्यास स्वतःविषयीं खरें न बोलण्याचा पहिला धडा देतों, आणि पुढें तोच मुलगा वरिष्ठापुढें ‘होय’ला ‘होय’ जोडूं लागला म्हणजे तो कणाहीन निघाला म्हणून हळहळतों.

एका पानांत तीन गोष्टी मावतात : तुमचें कोणतें काम मीं ओळखलें आहे, त्यासारखें मीं काय केलें आहे, आणि मला अजून काय शिकावयाचें आहे. तिसरी लिहिण्यास धैर्य लागतें, पण तिच्यामुळेंच पहिल्या दोहोंवर विश्वास बसतो. अर्जांत आर्जव असावेंच. मात्र तें मराठींतलें नव्हे, संस्कृतांतलें.