हातांनी गोष्ट सांगणारी शाळा



वर्गात यायला उशीर झाला की दारात उभं राहून तुम्ही काय म्हणता? ‘बाई, आत येऊ का?’ बाईंनी मान हलवली की आत! पण अशीही एक शाळा असते, जिथे अगदी वेळेवर आलेल्या मुलांनाही दाराबाहेर थांबून परवानगी मागावी लागते. आणि तीसुद्धा चक्क गाऊन! आतून गुरुजींचं उत्तर येतं, तेही गाण्यातच. मगच आत पाऊल टाकायचं.

ही शाळा आहे नाचाची. ती भरते प्रशांत महासागराच्या मधोमध असलेल्या हवाई बेटांवर. तिथल्या नाचाला म्हणतात हुला, नाचाच्या शाळेला म्हणतात हालाऊ आणि शिकवणाऱ्या गुरूला म्हणतात कुमू.

‘लिलो अँड स्टिच’ हा कार्टून सिनेमा तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिला असेल. त्यातली छोटी लिलो सुरुवातीलाच हुलाच्या वर्गात ओलीचिंब होऊन धावत येते, आठवतं? तिथे जे गाणं चाललेलं असतं, त्यातले बरेचसे शब्द हवाईच्या एका राजाच्या स्तुतीचे आहेत. त्या राजाचं नाव कालाकाउआ. लक्षात ठेवा हं, हा राजा आपल्याला पुन्हा भेटणार आहे!

आता तुम्ही म्हणाल, नाच तर जगभर असतात, मग या नाचाचं एवढं काय कौतुक? सांगते.

हवाईच्या लोकांकडे पूर्वी लिपी नव्हती. ती आली १८२० नंतर, ख्रिस्ती मिशनऱ्यांबरोबर. मग त्याआधी राजांच्या वंशावळी, समुद्रप्रवासाच्या हकिकती, ज्वालामुखीची देवी पेले हिच्या कथा कुठे ठेवायच्या? त्यांनी त्या ठेवल्या गाण्यांत. आणि गाण्यांचा अर्थ ठेवला हातांत! हात लाट होतात, पाऊस होतात, डोंगर होतात, उमललेलं फूल होतात. म्हणजे हुला हे त्यांचं पुस्तकच होतं म्हणा ना.

पण १८३० साली काआहुमानू नावाच्या राणीने हुलाच्या जाहीर कार्यक्रमांवर बंदी घातली. तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि हुला म्हणजे जुन्या देवांची पूजा, असं मिशनऱ्यांचं म्हणणं होतं. नाच लपून बसला. खेड्यापाड्यांत आजी नातीला गुपचूप शिकवत राहिली.

मग आला आपला राजा कालाकाउआ. हा मोठा हौशी माणूस! १८८१ मध्ये तो जगाच्या सफरीवर निघाला. वाटेत कोलकात्याला उतरला आणि रेल्वेने आपल्या मुंबईलाही येऊन गेला, बरं का! १८८३ मध्ये त्याचा राज्याभिषेक झाला, तेव्हा त्याने सगळ्यांच्या देखत हुला नाचवला. लोकांनी त्याला नाव दिलं ‘मेरी मोनार्क’, म्हणजे आनंदी राजा.

हा आनंद फार दिवस टिकला नाही. १८९१ मध्ये राजा वारला. दोनच वर्षांनी त्याची बहीण राणी लिलिउओकलानी हिला गादीवरून खाली खेचण्यात आलं. १८९६ च्या कायद्याने शाळांत इंग्रजी सक्तीची झाली. शाळेत हवाईयन बोललं की मुलांना शिक्षा होई. १८९८ मध्ये अमेरिकेने ही बेटंच घेतली. भाषा आटत गेली. आणि शब्दच समजेनासे झाले, तर हात सांगणार तरी काय?

पुढची गोष्ट आहे हिलो नावाच्या गावाची. १९६० साली तिथे त्सुनामी आली आणि ६१ माणसं दगावली. गाव पुन्हा उभं राहावं, पाहुणे यावेत म्हणून लोकांनी १९६० च्या दशकात एक उत्सव सुरू केला. नाव दिलं ‘मेरी मोनार्क’! आधीआधी त्यात राजासारखी दाढी कोणाची, अशी गमतीची स्पर्धासुद्धा असायची. मग १९७१ मध्ये डॉटी थॉम्प्सन या बाई आणि जॉर्ज नाओपे हे हुलागुरू यांनी त्यात हुलाची स्पर्धा आणली. पहिल्या वर्षी फक्त मुली नाचल्या. मुलगे आले १९७६ पासून. त्या पहिल्या स्पर्धेत एकल नृत्यात जिंकलेली अलोहा ही मुलगी पुढे स्वतः कुमू झाली, आणि तिच्या तिन्ही मुलींनीही पुढे तोच किताब मिळवला!

आजही दरवर्षी ईस्टरनंतरच्या आठवड्यात ही स्पर्धा भरते. पहिल्या रात्री एकल नृत्य. दुसऱ्या रात्री ‘काहिको’, म्हणजे जुना हुला. त्यात फक्त कुमूचा आवाज आणि भोपळ्याचं किंवा चामड्याचं वाद्य. तिसऱ्या रात्री ‘आउआना’, म्हणजे नवा हुला, उकुलेले आणि गिटारच्या साथीवर.

परीक्षक काय बघतात, ठाऊक आहे? सगळ्यांचे पाय एकदम पडले का, हे तर बघतातच. पण प्रत्येक शाळेला आपल्या गाण्याचे शब्द, अर्थ आणि त्यामागची कथा आधी लिहून द्यावी लागते. मग हात त्या शब्दांशी खरं बोलतात का, उच्चार शुद्ध आहेत का, गळ्यातली फुलापानांची माळ त्या गाण्याला शोभते का, हे सगळं तपासलं जातं. नुसत्या गिरक्या घेऊन ढाल मिळत नाही!

म्हणून मुलं काय करतात? गाण्यातला डोंगर खरोखर बघायला जातात. ज्या पावसाचं नाव गाण्यात आहे, त्या पावसात भिजून येतात. गाण्यातलं झाड ओळखायला शिकतात. ओहिया नावाच्या झाडाचं लाल लेहुआ फूल हुलात फार मानाचं. पण त्या झाडांवर बुरशीचा रोग पडला, तेव्हा ‘हे फूल आता तोडू नका’ असं हुला शाळांना सांगण्यात आलं. ज्याचं गाणं गायचं, त्याला जपायलाही नको का?

आणि भाषेचं काय झालं? १९७८ मध्ये इंग्रजीबरोबर हवाईयनही राज्यभाषा झाली. १९८० च्या दशकात हवाईयन बोलणाऱ्या बालवाड्या निघाल्या. ज्या भाषेसाठी आजोबांनी छडी खाल्ली, त्याच भाषेत आज नातवंडं अंकगणित शिकतात. नाचाने आधी शब्द सांभाळले, आता शाळा ते वाढवताहेत.

या आठवड्यात एक गंमत करून बघा. तुम्हाला पाठ असलेलं एखादं जुनं गाणं घ्या, आजीला विचारून त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ समजून घ्या. मग तोंडातून अक्षरही न काढता, ते फक्त हातांनी घरच्यांना सांगा. कोणाला ओळखता आलं, मला पत्राने जरूर कळवा!

तुमची,
बाई