हवा खायला निघालेल्या मित्रांस

मागच्या बैठकीत ठराव आला की यंदाचं अभ्यास शिबिर माथेरानला घ्यावं. दोन दिवस, एखादं बरंसं लॉज, सकाळी चर्चासत्र आणि संध्याकाळी सनसेट पॉइंट. पोरं खूश झाली. एक जण म्हणाला, नेहमी समाजमंदिराच्या सतरंजीवर बसून बूड सुन्न होतं, जरा निसर्गात बसून विचार करू. मी गप्प बसलो. घरी आल्यावर गप्प बसवेना म्हणून हे लिहितोय. ज्याला राग यायचा त्याला येवो.

एक गोष्ट आधीच साफ करतो. 'आपण कशाला जायचं थंड हवा खायला' हे रडगाणं मी गाणार नाही. दलित माणूस कायम घामात, मोर्चात नाहीतर मयतीतच दिसावा असं ज्यांना वाटतं ते आपल्या दुःखाचे गिऱ्हाईक आहेत. बाबासाहेबसुद्धा सहलीला गेले होते. १९३४ साली कार्यकर्त्यांना घेऊन वेरूळची लेणी बघायला निघाले आणि वाटेत दौलताबादचा किल्ला बघायला थांबले. प्रवासात धुळीनं माखलेले, म्हणून किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर तोंडं धुतली. तर मागून एक म्हातारा आरडाओरडा करत आला, ह्यांनी हौद बाटवला म्हणून. गर्दी जमली, हमरीतुमरी झाली. शेवटी किल्ला बघायला मिळाला, पण आत कुठं पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला. बॅरिस्टर झालेला माणूस, गोलमेज परिषदेत बोलून आलेला, आणि सहलीला पहारा!

त्याच्याही आधी १९०१ सालची ती उन्हाळ्याची सुट्टी. साताऱ्याहून पोरं बापाला भेटायला गोरेगावला निघाली. नवे कपडे, भरजरी टोप्या, पहिल्यांदाच आगगाडीत बसल्याचा आनंद. मसूर स्टेशनात उतरल्यावर जात कळली आणि कुणी गाडीवान बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, बैल पोरांनीच हाकायचे आणि गाडीवान शेजारून चालणार. रात्रभर घोटभर पाणी मिळालं नाही. आपल्या माणसाच्या सुट्टीचा इतिहास हा असा आहे. त्यामुळं आज आपला पोरगा पगाराच्या पैशानं तिकीट काढून डोंगरावर जात असेल तर मला त्यात आनंदच आहे. जा. खुशाल जा.

पण गड्या, वर चढशील तो कुणाच्या पाठीवरून?

'निसर्ग' हा शब्द आपण शाळेच्या पुस्तकातून उचलला. त्या पुस्तकात डोंगर निळा असतो, धुकं मऊ असतं आणि माणूस नसतोच. असला तर दूर कुठं बासरी वाजवत असतो. आपल्या आयाबायांना डोंगर म्हणजे मोळी, शेण, करवंदं आणि उतरताना थरथरणाऱ्या पोटऱ्या. पांढरपेशा लेखकाला दिसला तो निसर्ग आणि आपल्या आईनं डोक्यावर वाहिलं ते काय, सामान?

'पॉइंट' ह्या शब्दातच सगळी मेख आहे. कुठं उभं राहून बघायचं हे आधीच कुणीतरी ठरवून ठेवलंय. महाबळेश्वरला ऑर्थर सीटवर मी उभा राहिलोय. गाईड साहेबाची गोष्ट सांगतो, वारा कसा खालून वर येतो ते दाखवतो आणि टोपी उडवून दाखवतो. खाली दरीत जी नदी आहे ती सावित्री. ती तिथून पोलादपूरवरून महाडला जाते. त्याच महाडात २० मार्च १९२७ ला हजारो माणसांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि त्या तळ्यावरचा आपला हक्क हायकोर्टात शाबीत व्हायला १९३७ साल उजाडलं. गाईडच्या तोंडून मी महाडचं नाव ऐकलं नाही. त्याला दोष देत नाही, त्याला टोपी उडवायचेच पैसे मिळतात. पण माझ्याबरोबर निळा गमछा घातलेले चार जण होते. ते सेल्फी काढत होते आणि महाड कुठल्या बाजूला म्हणून त्यांनीही विचारलं नाही.

आता माथेरान. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट वर चढला आणि पुस्तकात लिहून ठेवलं, माथेरानचा 'शोध' लागला. ठाकर-कातकऱ्यांना तो डोंगर बहुतेक सापडत नव्हता! मग बंगले आले, साहेब आले, मुंबईचे शेठ आले. १९०७ ला नेरळहून छोटी गाडी सुरू झाली. गाडी नव्हती तेव्हा वर जायचं ते घोड्यावरून नाहीतर माणसांच्या खांद्यावरून. आणि साहेबाच्या बंगल्यात कमोडची पेटी होती, ती उचलणारा माणूसही वर नेला असणारच. त्याच्या नावाचा पॉइंट नाही. पॉइंट आहेत ते लुईझा, अलेक्झांडर.

मोटारीला तिथं बंदी. दस्तुरी नाक्याला गाड्या थांबतात, पुढं लाल मातीची वाट. २००३ साली सरकारनं माथेरान पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील म्हणून जाहीर केलं. झाडं वाचली पाहिजेत, मीही म्हणतो. पण झाडं वाचवायचा हिशेब कसा झाला बघा. इंजिन धूर सोडतं म्हणून ते नको, माणूस धूर सोडत नाही म्हणून तो चालतो. गॅसची टाकी माणूस ओढणार, सिमेंट माणूस ओढणार, पाहुणाही माणूसच ओढणार. हवा शुद्ध राहिली, फक्त ती कुणाच्या फुफ्फुसातून गाळून आली ते विचारायचं नाही.

मी हे सांगणारा कुणी साधू नाही. २०१७ साली मी आईला माथेरानला नेलं होतं. तिचे गुडघे गेलेले. दस्तुरीपासून ती चालू शकली नसती, म्हणून हातरिक्षा केली. पुढं दांडीला एक पन्नाशीचा माणूस, मागं रेटायला एक पोरगा. मी भाव पाडला. युनियनचा सभासद, मे दिनाला भाषण करणारा मी, शंभर रुपये कमी करून घेतले आणि मनात खूश झालो. त्या माणसानं आईच्या गळ्यातलं बाबासाहेबांचं लॉकेट पाहिलं आणि म्हणाला, "जय भीम, मावशी. बसा निवांत." तो आपल्यातला होता की ऐकून शिकलेला, मी विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही. चढावर आई सारखी म्हणत होती, "दादा, थांब जरा, दम खा." तो म्हणाला, "थांबलं की परत रेटायला जड जातं, मावशी." मी शेजारून पिशवी घेऊन चालत होतो आणि फोटो काढत होतो. तो फोटो अजून आहे माझ्याकडं. आई आहे, झाडं आहेत, लाल माती आहे. त्याची नुसती पाठ आलीय.

संध्याकाळी मीच त्याला म्हणालो, हा धंदा बंद झाला पाहिजे. तर तो म्हणाला, "मग खायचं काय?"

ह्या प्रश्नावर आपले शहाणे लोक लगेच आडवे पडतात. म्हणतात, बघा, त्याला रोजगार मिळतो, आपण नाही बसलो तर तो उपाशी राहील, म्हणून बसणं हीच त्याची सेवा. मित्रहो, हे बोलणं आपल्याला ओळखीचं वाटत नाही? बाबासाहेबांनी १९२८ साली महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मुंबई कौन्सिलात मांडलं तेव्हा आपल्याच बापजाद्यांपैकी कित्येकांच्या पोटात गोळा आला होता. वतन गेलं तर खायचं काय? बलुतं तुटकं होतं, अपमानाचं होतं, पण भाकरीचं होतं. त्या भुकेला हसू नका आणि तिचं निमित्त करून वतनही चालू ठेवू नका. वतन कायद्यानं मोडलं १९५८ साली. मधली तीस वर्षं कुणी कुणी काय सोसलं ते आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, अजून कुणी उरलं असेल तर.

हातरिक्षेचंही कोर्टात तसंच रखडत गेलं. २०२२ ला सुप्रीम कोर्टानं प्रयोगापुरत्या ई-रिक्षा चालवू दिल्या. ६ ऑगस्ट २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं सांगितलं, माणसानं माणसाला ओढणं अमानुष आहे, सहा महिन्यांत बंद करा, पैसा नाही ही सबब चालणार नाही, आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा भाड्यानं द्यायची योजना करा. १९८० साली पंजाबातल्या सायकलरिक्षावाल्यांच्या खटल्यात हेच कोर्ट बोललं होतं, त्याला ४५ वर्षं झाली, हेही निकालात आहे. खूण म्हणून आपण सगळ्यांनी त्या दिवशी स्टेटस ठेवलं. बेंचवर आपला माणूस होता ना! पण परवानाधारक ओढणारे ९४, हा आकडा आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होता? सहा महिन्यांची मुदत फेब्रुवारी २०२६ मध्ये भरणार होती, हे किती जणांनी वहीत लिहून ठेवलं? खरा ओढणारा कोण हे कमिटी ठरवणार, कलेक्टर ठरवणार. आणि परवाना ज्याच्या नावावर आणि दांडी ज्याच्या हातात, ते दोघे वेगळे असतील तर? मागून रेटणाऱ्या त्या पोराचं नाव कुठल्या यादीत असणार? आपल्या गावात रमाई घरकुलाची यादी कशी होते हे बघितलेल्या माणसाला हे प्रश्न शिकवावे लागत नाहीत.

म्हणून शिबिर माथेरानलाच घ्या, माझा विरोध नाही. ठरावात एवढी दुरुस्ती करा. नेरळहून वर पायी जायचं, आपलं सामान आपण उचलायचं. लॉज नको, वर मजूर राहतात तिकडं कुणी ओसरी देतं का ते आधी जाऊन विचारून यायचं. पहिल्या सत्रात पेपर वाचायचा नाही. ९४ जणांपैकी भेटतील त्यांच्याकडं बसायचं, रेटणाऱ्यांकडं बसायचं, कुणाला ई-रिक्षा मिळाली, कुणाला नाही, कुणाचं नाव गाळलं हे वहीत उतरवायचं आणि ती यादी पुढच्या अंकात जशीच्या तशी छापायची. स्टेन्सिल मी कापून देतो. संध्याकाळी सनसेट बघा, कोण नाही म्हणतो.

वर्गणी माणशी दोनशे धरली आहे असं कळलं. माझे तीनशे लिहा. वरचे शंभर २०१७ सालचं देणं आहे. तो माणूस भेटला तर मी स्वतः देईन, नाही भेटला तर त्याच्या मागं रेटणाऱ्या पोराला शोधू.