बेरीज कुणी करायची?

संगणक हा विज्ञान शाखेचा प्रांत, आपल्याला त्याचे काय, असे आपल्यापैकी अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. १९९६ साली उजेडात आलेला ‘पिंग ऑफ डेथ’ हा दोषच पाहा.

एक संगणक दुसऱ्याला ‘जागा आहेस ना?’ असे विचारतो, त्याला पिंग म्हणतात. संदेशाचे पाकीट ६५,५३५ बाइटांहून मोठे नसावे, असा १९८१ सालचा नियम आहे. मोठे पाकीट तुकड्यांनी जाते आणि पलीकडे जोडले जाते. कुणी खोडसाळपणे शेवटचा तुकडा असा बेती, की जोडणीनंतर मर्यादा ओलांडली जाई. प्रत्येक तुकडा नियमात बसे. बेरीज मात्र कुणी तपासत नसे. राखलेल्या जागेबाहेर मजकूर सांडे आणि कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, कोसळे. विंडोज, लिनक्स अशा अनेक प्रणाली त्यात सापडल्या.

दुरुस्त्या झाल्या. तरी २०१९ साली लिनक्समध्ये ‘सॅक पॅनिक’ सापडला. तुकड्यांची संख्या ६५,५३५ पर्यंतच मोजता येई. तुकडे त्याहून अधिक होऊ शकत आणि कर्नल बंद पडे. हा दोष २००९ पासून तिथे होता.

रेल्वेचे आरक्षण, बँका, आपले निकाल आज संगणकांच्या जाळ्यावरच चालतात. म्हणून माझे मत असे, की संगणकाच्या अभ्यासक्रमात जुन्या चुकांचा इतिहास सक्तीचा हवा. दुरुस्ती एका जागेची होते. तीच चूक दुसरीकडे ओळखायला इतिहासाची सवय लागते. ती सवय आपल्या शाखेत लावली जाते. मग हा विषय आपला नाही, असे कसे म्हणावे?