चकण्याची कढई आणि तेलाचे वय

गेल्या आठवड्यात दवाखाना बंद करायच्या सुमारास ओळखीचे एक परमिट रूमचे मालक आले. रक्तदाब तपासून झाला, गोळ्या लिहून दिल्या, तरी उठेनात. शेवटी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक विचारायचं होतं. चिकन पकोडा, बोंबील, फिंगर चिप्स, पापड सगळं आमच्याकडे एकाच कढईत निघतं. हल्ली गिऱ्हाईक विचारतं, तेल कुठलं वापरता म्हणून. सूर्यफूल आणू की पाम? चांगलं कुठलं?"

मी उलट विचारले, "आज कढईत आहे ते तेल कधीचं?"

"रोज नवीन घालतो ना साहेब!" ते म्हणाले आणि मग जरा हसून पुढे म्हणाले, "जुन्यात."

त्या एका शब्दात सगळे आले. आपण तेलाच्या जातीवर वाद घालतो आणि त्याचे वय विचारायला विसरतो. घरी फोडणीला चमचाभर तेल लागते, ते एकदाच तापते आणि पोटात जाते. चकण्याच्या कढईतले तेल मात्र दुपारपासून रात्री अकरापर्यंत आचेवर असते. तिथले गणितच वेगळे आहे.

तापत्या तेलाचे तीन शत्रू आहेत. पहिला आच, दुसरा हवा आणि तिसरा पदार्थातले पाणी. बोंबील किंवा बटाटा तेलात पडला की चरचर आवाज येतो, तो या पाण्याचा. या पाण्यामुळे तेलाचे घटक फुटतात आणि तेल लवकर धुरावू लागते. हवेतला प्राणवायू तेल खवट करतो. आच तेलाचे रेणू एकमेकांना चिकटवते, म्हणून जुने तेल काकवीसारखे दाट होते आणि त्यावरचा फेस बसत नाही. मीठ, मसाला आणि तळाला जळणारे पिठाचे कण या बिघाडाला हातभार लावतात.

आता जातीचे पाहू. इथे आम्हा डॉक्टरांनाही थोडी कबुली द्यावी लागेल. नव्वदच्या दशकात हृदयासाठी करडईचे तेल खा, असे आम्ही घरोघरी सांगत होतो. फोडणीपुरते ते तेल आजही वाईट नाही. पण करडई, सूर्यफूल आणि सोयाबीन यांत बहुअसंतृप्त स्निग्धाम्ले जास्त असतात आणि तासन् तास तापवले असता तीच सर्वांत आधी बिघडतात. म्हणजे बाटलीत जे गुणाचे, ते दिवसभराच्या कढईत अवगुणाचे ठरते. पामतेल कढईत टिकते आणि स्वस्तही पडते, म्हणून हॉटेलवाले ते घेतात. परंतु त्यात सुमारे 40 टक्के किंवा त्याहून जास्त संतृप्त स्निग्धांश असतो, तो रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. घाण्याचे तेल चवीला उत्तम, पण लवकर धूर धरते. तेव्हा तळणासाठी मी रिफाइंड शेंगदाणा तेल किंवा तांदळाच्या कोंड्याचे, म्हणजे राइस ब्रान तेल सुचवतो. दोन्ही 220 अंशांच्या आसपास तग धरतात आणि तळणाला लागतात जेमतेम 170 ते 180 अंश. तेल सुटे न घेता सीलबंद घ्यावे. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलातील पिवळ्या धोतऱ्याच्या भेसळीने साठांहून अधिक माणसे दगावली, हे विसरून चालणार नाही.

पण उत्तमातले उत्तम तेल आणले आणि चार दिवस तेच तापवले, तर त्याचेही विषच होते. जुन्यात नवीन ओतल्याने जुने सुधारत नाही, उलट जुने नव्याला लवकर नासवते. 1 जुलै 2018 पासून आपल्या देशात कायदाच आहे. तापवून तेलात तयार होणारी ध्रुवीय संयुगे 25 टक्क्यांच्या वर गेली, की ते तेल स्वयंपाकात वापरता येत नाही.

मालक म्हणाले, "रोज तेल ओतून दिलं तर धंदा कसा परवडेल?" प्रश्न रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे कढई लहान घ्यावी आणि लागेल तेवढेच तेल घालावे. दोन घाण्यांच्या मध्ये आच कमी करावी, झाऱ्याने कण काढत राहावे. मीठ-मसाला तळून झाल्यावर भुरभुरावा. रात्री तेल गाळून झाकून ठेवावे. कढई स्टेनलेस स्टीलची असावी, तांब्या-पितळेची नको. तेल धुरावले, दाटले किंवा फेसाळले की हिशेब न करता बाजूला काढावे.

बाजूला काढलेल्या तेलाचे काय करता, असे विचारले तेव्हा ते अडखळले. "भजीचा गाडीवाला नेतो," म्हणाले. वाचकहो, मला खरी चिंता आहे ती इथे. बारमध्ये पाऊल न टाकणारा माणूस आणि शाळेतून सुटलेले पोर तेच तेल दुसऱ्या दिवशी खात असते. असे तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची योजना 2018 पासून आहे. अधिकृत संस्थेला ते द्यावे, गाडीवाल्याला कदापि देऊ नये.

कढईसमोर आठ-दहा तास उभा राहणारा आचारीही आपण विसरतो. कडक आचेवरच्या तळणाचा धूर बहुधा कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2010 साली नोंदवले आहे. त्याच्या डोक्यावर धूर खेचणारा पंखा हवाच.

पिणाऱ्यांना उपदेश करायचा आज विचार नाही. एवढेच सांगतो की दारू पोटात असताना यकृत आधी तिच्या मागे लागते आणि चरबी जाळायचे काम मागे पडते. त्यावर तळलेला, खारट चकणा म्हणजे रक्तातली चरबी आणि रक्तदाब दोन्हींना आमंत्रण. भाजलेले शेंगदाणे, उकडलेले अंडे, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर हाही चकणाच आहे.

तेलातली ध्रुवीय संयुगे जागेवर मोजणारे हातात मावेल असे यंत्र बाजारात मिळते. गावातल्या हॉटेलमालकांनी मिळून एक घ्यावे आणि अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांनीही ते बरोबर घेऊनच यावे, अशी माझी सूचना आहे. यंत्र येईल तेव्हा येईल. तोवर आपण गिऱ्हाइकांनी बिल देताना एक प्रश्न जरूर विचारावा, कढईतले तेल कधीचे आहे? चार जणांनी विचारले की पाचव्या दिवशी मालक आपणहून तेल बदलतो.